थोरल्याला पहिली, धाकट्याला दुसरी

घरी बघायला एखादा चांगला पिक्चर सुचव, असं मला कुणी म्हटलं की माझ्या तोंडून आधी प्रश्न निघतो, अर्धा की पुरा? समोरचा हसतो. त्याला वाटतं मी विनोद करते आहे. आमच्या राहू गावातल्या घरात मात्र काही वर्षं हा प्रश्न रोजच्या व्यवहारातला होता आणि त्याला कुणीही हसत नव्हतं.

गोष्ट दोन हजार सालानंतरची. टीव्हीखाली सीडीचा प्लेअर येऊन बसला होता आणि एकेका पिक्चरच्या दोन-दोन सीड्या असत. पहिली संपली की उठून दुसरी घालायची, आणि तेवढ्यात कुणीतरी म्हशीपुढं वैरण टाकून यायचं. माझे वडील शेती बघत आणि गावच्या सोसायटीत संचालक होते. काका, म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, रांजणगावच्या एका कंपनीत होते. ते मोटरसायकलवर जात आणि येताना कारेगावच्या बाजारातून सीड्या आणत. कारेगावात कामगारांची वस्ती, त्यात बिहार-यूपीकडची पोरं पुष्कळ, त्यामुळे कुठला पिक्चर जोरात आहे हे काकांना गावाआधी कळायचं. वडील बाजाराला दौंडला गेले की स्टेशनबाहेरून घेऊन येत. असा बराच साठा झाला होता आणि तो आईच्या लाडवांच्या पत्र्याच्या डब्यात राहायचा. लाडू त्यामुळे पिशवीत गेले होते.

सगळ्यांच्या पुढं, टीव्हीला नाक लावून, आबा बसायचे. आबा म्हणजे माझे आजोबा. आमचं घराणं मूळचं मेंढरांमागचं. आबांची उमर चालण्यात गेली आणि पाटाचं पाणी आल्यावर ते राहूत स्थिर झाले. टीव्हीपुढं ते फारसं बोलत नसत, पण पिक्चर संपला की एका वाक्यात निकाल देत. "बघण्याजोगा हाय" म्हणाले की तो पिक्चर पुढच्या आठवड्यात चार घरांत फिरायचा. आजच्या पेपरातले जाणते पाच चांदण्या देतात, त्यापेक्षा आबांच्या या दोन शब्दांना आमच्या आळीत जास्त वजन होतं.

मग भाऊ-भाऊ भांडले. कशावरून, ते आता दोघांनाही नीट सांगता येत नाही. ऊस आधी कुणाच्या नावावर तोडायचा इथून सुरू झालं आणि कुणाच्या बायकोनं कुणाला पाण्याचा तांब्या आपटून दिला इथपर्यंत गेलं, एवढं मला आठवतं. एकत्र बसणं बंद झालं आणि त्या दिवसांत आणलेले कितीतरी पिक्चर न बघताच डब्यात पडून राहिले. शेवटी वाटणी ठरली आणि पंच म्हणून नात्यातले खुटबावचे मामा आले.

वाटण्या करण्यात या मामांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांचा नियम साधा होता. एक रान थोरल्याला आणि दुसरं धाकट्याला, असं ते कधी करत नसत. तसं केलं की एकाकडे काळी जमीन जाते, दुसऱ्याकडे मुरूम, आणि जन्मभर शिव्या बसतात पंचाला. म्हणून ते प्रत्येक रानाच्या मधून बांध घालत. काळीतलं निम्मं तुला, निम्मं त्याला, मुरमाचंही तसंच. विहीर एक, पाळ्या दोन. शेवटी रानाच्या अशा चिंध्या होत की ट्रॅक्टर वळवायला शेजारच्या रानात शिरावं लागे, पण अन्याय झाला असं म्हणायला कुणाला तोंड उरत नसे. न्याय म्हणजे दोघांचं सारखं नुकसान, ही मामांची समजूत होती, आणि तालुक्यात ती अजून चालते.

रानं झाली, म्हशी झाल्या, पातेली झाली आणि दुपारच्या चहानंतर मामांचा हात त्या पत्र्याच्या डब्यावर पडला. त्यांनी एक कव्हर उघडून आतली सीडी बोटांत धरली, तिच्यात आपलं तोंड बघितलं आणि ह्या ताटल्या कशाच्या म्हणून विचारलं. वडील म्हणाले, पिक्चरच्या. एका पिक्चरात किती? काका म्हणाले, दोन. मामांचा चेहरा खुलला.

"मग सोपंच हाय," ते म्हणाले. "चांगला पिक्चर एकाला आन् भिकार दुसऱ्याला, असं नगं. परत्येकातली पहिली थोरल्याला, दुसरी धाकट्याला."

मी तेव्हा दौंडच्या कॉलेजात अकरावीला होते आणि शिकते म्हणून मला बोलायची थोडी मुभा होती. मी म्हटलं, मामा, तो एकच पिक्चर आहे, निम्मा-निम्मा कसा बघणार? मामांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं.

"रान बी एकच व्हतं, पोरी."

खरी मौज वडिलांची आणि काकांची होती. हा मूर्खपणा आहे हे दोघांनाही समजत होतं. दोघांनी असे पुष्कळ पिक्चर मांडीला मांडी लावून बघितले होते. पण जो आधी तोंड उघडेल त्याचा पुऱ्या पिक्चरवर डोळा आहे असं ठरलं असतं. म्हणून सोसायटीचे संचालक आणि कंपनीचे कायम कामगार, दोघंही काडीनं जमिनीवर रेघा ओढत बसून राहिले आणि त्यांच्यासमोर एकेक पिक्चर मधोमध चिरला गेला. कव्हरं थोरल्याला मिळाली, म्हणून काकांना त्यांच्या सीड्या भाकरीच्या फडक्यात बांधून न्याव्या लागल्या.

दोन-तीन पिक्चर तीन सीड्यांचे निघाले. तिसरी कुणाची? बापाच्या म्हातारपणासाठी जमिनीचा एखादा तुकडा बाजूला ठेवतात, त्या रिवाजानं मामांनी तिसऱ्या सीड्या आबांच्या नावावर ठेवल्या. आबांनी त्यांना दोरे ओवले आणि पाखरं उडवायला ज्वारीत टांगल्या. त्या वर्षी आमच्या रानात पिक्चरांचे शेवट उन्हात चमकत होते आणि कणसाला चिमणी शिवली नाही. वाटणीतून खरा फायदा झाला तो तेवढाच.

त्या दिवशी माझी आत्याही आली होती. ती या दोघांची थोरली बहीण, शिरूरला दिलेली. तिला वाटणीसाठी बोलावलं नव्हतं, सहीसाठी बोलावलं होतं. बापाच्या जमिनीत मला काही नको, असं बहिणींकडून लिहून घेतात, त्याला हक्कसोड म्हणतात. आत्यानं एसटीतून उतरून पदरानं तोंड पुसलं, सही केली, पंचांना चहा केला आणि साडीचोळी घेतली. जाताना त्या डब्याकडे बघून ती हसत म्हणाली, मामा, मला एखादी ताटली? सगळे खो-खो हसले. मीही हसले. पुढं माझ्या लग्नानंतर माझ्या भावानं असाच सहीसाठी फोन केला तेव्हा मला ते हसणं आठवलं आणि माझा मलाच राग आला.

राहता राहिले आबा. ते मधोमध चिरता येत नाहीत हे मामांच्याही लक्षात आलं, म्हणून त्यांच्या पाळ्या लावल्या. एक महिना आमच्याकडे, एक महिना काकांकडे. दोन घरांत एक भिंत आणि एक बंद केलेलं दार एवढंच अंतर होतं, तरी महिना भरला की आबा पिशवी काखेला मारून, मोठ्या रस्त्यानं वळसा घालून दुसऱ्या घरी जायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, मेंढरामागं काढलेल्या जन्माला बिऱ्हाड हलवायचं काय ओझं?

आता आमच्याकडे सगळ्या पिक्चरांचे पूर्वार्ध होते आणि काकांकडे सगळे उत्तरार्ध. दुसरी सीडी भाड्यानं आणायला कुणी बंदी केली नव्हती. पण वडिलांचं म्हणणं, घरात असलेला पिक्चर पैसे मोजून कशाला आणायचा? भिंतीपलीकडे काकांचंही हेच म्हणणं, शब्दसुद्धा तेच. शेजारीपाजारी दोन्ही घरांतून मागून नेऊ शकले असते, पण एकाकडून नेलं की दुसऱ्याचं तोंड वाकडं. त्यामुळे बघता बघता आळीत पहिल्या सीडीची पार्टी आणि दुसऱ्या सीडीची पार्टी पडली. ग्रामपंचायतीची निवडणूक आली तेव्हा उमेदवारांना नव्यानं काही मेहनत करावी लागली नाही.

माणूस काय बघतो यावर तो काय सुचवतो हे ठरतं. वडील नुसते पूर्वार्ध बघून बघून फार आनंदी सल्ले देऊ लागले. पूर्वार्धात गाणी असतात, लग्नं असतात, विनोदी नोकर असतो. पारावर कुणी विचारलं की वडील छातीवर हात ठेवून सांगत, सहकुटुंब बघा, नुसती मजा आहे. त्यांच्या भरवशावर एकानं मुलाच्या वाढदिवसाला पाहुण्यांसमोर असा एक पिक्चर लावला. पुढच्या अर्ध्यात त्यातलं सगळं कुटुंब एका रात्रीत कापलं जातं. केक कापायचा राहिला आणि तो गृहस्थ पुढं कितीतरी दिवस वडिलांचा रामराम घेत नव्हता.

काकांचं उलट झालं. त्यांच्या वाट्याला सूड, कोर्ट, चिता आणि पावसात रडणारी आई. कंपनीत त्यांचा सल्ला विचारणाऱ्या पोरांना ते गंभीरपणे सांगत, "इसमें हँसी-वँसी कुछ नहीं है." पोरं बघत तर पहिला तास हसून पोट दुखायचं. काकांना पिक्चरमधलं काही कळत नाही असं कारेगावात पक्कं झालं आणि त्याचं त्यांना फार लागलं. मुळात हसरा माणूस. सतत शेवट बघून त्याचं तोंड कडू झालं होतं, असं मला आज वाटतं.

दोन्हीकडचं बघणारा माणूस एकच, आबा. त्यामुळे त्यांचा भाव भलताच वाढला. महिना भरून ते आमच्याकडे आले की वडील आधी दोन दिवस दम धरत. भावाच्या घरातल्या सीडीत काय आहे हे विचारणं म्हणजे हार. तिसऱ्या दिवशी मात्र जेवताना, आमटीकडे बघत, ते सहज विचारल्यासारखं विचारत, आबा, त्या इन्स्पेक्टरचं पुढं काय झालं?

हा इन्स्पेक्टर वडिलांचा लाडका. पहिल्या सीडीत त्याची लहान मुलगी मारली जाते, तो वर्दी उतरवून ठेवतो, आणि सीडी संपते. आबा भाकरी कुस्करत सांगायचे, "त्यो गुंड त्याचा भाऊच निघतो. गळ्यात पडून रडत्यात दोघं. बघण्याजोगा हाय."

पुढच्या खेपेला भुताच्या पिक्चरचं विचारलं तर भूतही भावाचंच निघालं. नागाच्या पिक्चरमध्ये दोन नाग भाऊ निघाले आणि एका बिळात राहायला गेले. एक कॉलेजातल्या प्रेमाचा पिक्चर होता. त्याचा शेवट ऐकून वडिलांनी हिय्या करून हरकत घेतली. तो पोरगा एकुलता एक आहे, पहिल्याच सीनमध्ये त्याची आई तसं म्हणते. आबा शांतपणे म्हणाले, आईला सगळंच ठाऊक असतं व्हय? आई आमटी वाढता वाढता पदर तोंडाला लावून आत गेली.

काकांच्या घरी काय चालायचं ते मला माझ्या चुलत बहिणीकडून कळायचं. आम्ही दोघी दौंडला एकाच एसटीनं जायचो. गावात एकमेकींकडे बघायची बंदी होती, म्हणून गावाची हद्द संपली की शेजारी बसायचो. ती म्हणाली, तिचे वडील आबांना पिक्चरची सुरुवात विचारतात आणि आबा प्रत्येक वेळी सांगतात, सुरुवातीला दोघं भाऊ एका ताटात जेवत असतात. मी तिला शेवट विचारले. तिनं एकेक खरा शेवट सांगितला. कुठंही भाऊ नव्हता. इन्स्पेक्टर गुंडाला गच्चीवरून खाली टाकतो आणि एकटा चालत जातो. दोघी तिकिटं हातात धरून हसत राहिलो आणि मग हसू आपोआप थांबलं.

आबा पुढच्या महिन्यात आमच्याकडे आले तेव्हा मी त्यांना गोठ्यात गाठून सांगितलं, तुमची चोरी सापडलीय. आबांनी ऐकून घेतलं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांवर तेव्हा मोतीबिंदूचा सारा येऊ लागला होता आणि ते माझ्या आवाजाच्या रोखानं बघायचे.

"मेंढरं ज्याची त्याची येगळीच असायची," ते म्हणाले. "कानावर खूण केल्याली असायची. पर रातच्या मुक्कामाचा तळ एकच पडायचा. खोटं तर खोटं, त्यांच्या कानावर पडू दे. दोघं एका जागी बसल्याली दिसली म्हंजी मला पावलं."

मी गप्प बसले. ठरवून गप्प बसायची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ असावी. बहिणीलाही सांगितलं, आपल्याला काही ठाऊक नाही. त्या दिवसापासून आबांनी सुचवलेला पिक्चर आम्ही दोघी फार मन लावून ऐकायचो.

आबांची नजर मात्र थांबायला तयार नव्हती. मोतीबिंदू पिकला, ऑपरेशन करायला हवं असं ठरलं, आणि घरात नवा वाद उभा राहिला. ऑपरेशन कुणाच्या महिन्यात? वडील म्हणाले, चार दिवसांत पाळी संपते, तिकडं करा. काकांनी भिंतीपलीकडून, कुणाच्या तरी तोंडून, निरोप पाठवला की मोतीबिंदू पिकला तो थोरल्याच्या महिन्यात पिकला. यावर मामांना बोलवावं असंही निघालं. मामांनी एक डोळा थोरल्याला आणि एक धाकट्याला दिला असता याबद्दल मला आजही शंका नाही.

शिरूरला आत्याच्या कानावर हे गेलं. दुसऱ्या दिवशी ती आली, दोन्ही घरांच्या मधल्या ओट्यावर उभी राहिली, आबांची पिशवी भरली आणि त्यांना हाताला धरून एसटीत बसवलं. कुणाशी भांडली नाही. पाणीसुद्धा प्यायली नाही. त्याचीच मला भीती वाटली.

ऑपरेशन शिरूरला झालं. एक महिना गेला, दुसरा गेला, आबा काही परत आले नाहीत. कुणालाही घाई नव्हती. पण सोसायटीची निवडणूक लागली आणि विरोधी पार्टीनं पारावर एक वाक्य सोडून दिलं, ज्याला बाप सांभाळता येत नाही तो सोसायटी काय सांभाळणार? बाप लेकीच्या दारात राहतो, ही आमच्याकडे साधी गोष्ट नव्हती. वडिलांना एकदम आबांची आठवण येऊ लागली. जेवताना डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. रविवारी त्यांनी इस्त्रीचे कपडे घातले, मला मागं बसवलं आणि न्हावऱ्यावरून शिरूरला गाडी काढली. थोरला बापाला आणायला निघाला हे काकांना कळलं. सगळं पुण्य एकट्याला मिळू नये म्हणून तेही कंपनीची पहिली पाळी सुटताच, डब्याची पिशवी खांद्याला तशीच, रांजणगावहून शिरूरला आले. आत्याच्या दारात दोघांच्या गाड्या एकाच वेळी थांबल्या. दोघांनीही आपापल्या गाडीचं स्टँड लावायला फार वेळ घेतला.

आत आबा खाटेवर बसले होते. ऑपरेशननंतर देतात तो काळा चष्मा डोळ्यांवर, आणि समोर टीव्ही. आत्यानं कोपऱ्यावरच्या दुकानातून पिक्चर भाड्यानं आणला होता, दोन्ही सीड्यांसकट. तिला कोण एकच देणार होतं? सुरुवातीची नावं येत होती. तो आमचाच इन्स्पेक्टर होता.

"बसा," आबा म्हणाले. "आत्ताच लावलाय."

खाट एकच होती. वडील एका कडेला टेकले, काका दुसऱ्या, मधे आबा. मी आणि आत्या खाली चटईवर. बराच वेळ दोघांनी टीव्हीशिवाय कशाकडेही बघितलं नाही. मग पहिल्या सीडीत ती लहान मुलगी आली, पायात लाल बूट घालून घरभर पळणारी. काका एकदम पुढं सरकले. त्यांच्या दुसऱ्या सीडीत इन्स्पेक्टर शेवटपर्यंत एक लाल बूट खिशात बाळगतो. तो कुणाचा, का, हे काकांना इतकी वर्षं माहीतच नव्हतं. मुलगी मारली गेली आणि एक बूट रस्त्यावर पडून राहिला, तेव्हा काका स्वतःशीच बोलल्यासारखे बोलले.

"म्हंजी त्यो बूट हिचा व्हय."

"मग?" वडील टीव्हीकडे बघतच म्हणाले. "तुला काय वाटलं?"

वाटणीनंतर दोघं एकमेकांशी बोललेले हे पहिले शब्द. आबा हलले नाहीत. फक्त त्यांचे दोन्ही हात मांडीवरून निघून दोन्ही बाजूंना, खाटेवर टेकले.

आत्यानं दुसरी सीडी घातली. आता वडील नवखे आणि काका जाणते. आता बघ दादा, हा मागून येतो, असं काका सांगू लागले आणि वडील मान हलवू लागले. मध्येच वडिलांनी विचारलं, हा म्हातारा कोण, आणि काकांनी सगळं समजावून सांगितलं. मला वाटलं झालं, आबांचं काम झालं. मी आत्याकडे बघितलं. ती बघत नव्हती. ती कांदा चिरत होती.

इन्स्पेक्टरनं गुंडाला गच्चीवरून खाली टाकलं, तो एकटा चालत गेला आणि पडद्यावर नावं आली. वडील अजून वाट बघत होते.

"आबा, त्यो भाऊ कवा निघतो?"

आबांनी चष्मा काढला. डोळे लाल होते, पण आता ते माणसाकडे नीट बघत होते. आधी एका लेकाकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे.

"न्हाई निघत," ते म्हणाले. "मला दर येळी वाटायचं, आता निघंल."

टीव्हीवर निळा पडदा आला. मग वडिलांनी घसा साफ केला आणि म्हणाले, चला आबा, पिशवी भरा, हा महिना माझा. काका म्हणाले, तुझा कसा, मागचा माझा वाया गेलाय, तो आधी धरावा लागेल. वडील म्हणाले, तो तू स्वतःहून सोडलास. काका म्हणाले, मामांना विचारू. आताच खांद्याला खांदा लावून बूट ओळखणारी माणसं बापाच्या महिन्यांवरून उठून उभी राहिली. मला दोघांचीही इतकी लाज वाटली की मी कानातल्या डुलाशी चाळा करत बसले.

आत्यानं विळी बाजूला सारली. तिच्या डोळ्यांना पाणी होतं. ते कांद्याचं होतं असं ती पुढं कायम सांगत आली.

"सही करताना मी इचारलं न्हाई, मला काय," ती म्हणाली. "वाटणीत मला कायबी आलं न्हाई. आबा माझ्या वाटणीला आलं म्हणा. आन् निम्मं न्हाई, पुरं."

दोघं भाऊ बसले. आबांनी पिशवी भरली नाही. चहा झाला, तो दोघांनी निम्मा टाकला, आणि पाया पडून बाहेर आले. बाहेर गाड्यांपाशी मात्र त्यांचं चांगलं पाच-दहा मिनिटं बोलणं झालं, अगदी डोकं जवळ नेऊन. मला वाटलं आता काहीतरी होणार. ते गावात काय सांगायचं ते ठरवत होते. डॉक्टर म्हणाले धूळ लागू देऊ नका, शिरूरातच ठेवा, असं ठरलं. दोघांनी गावात शब्दाला शब्द तेच सांगितलं. भांडलेल्या भावांची साक्ष जुळली म्हटल्यावर लोकांना ते खरं वाटलं आणि वडील निवडून आले.

सीड्या काही एकत्र आल्या नाहीत. एकत्र ठेवायच्या तर डबा कुणाच्या घरात राहणार, इथं अडलं. पुढं सुगीच्या दिवसांत दोन्ही घरांनी आपापल्या सीड्या आपापल्या ज्वारीत टांगल्या. बांधाच्या अलीकडे सगळ्या पहिल्या, पलीकडे सगळ्या दुसऱ्या. वारा आला की सगळ्या एकदम फिरायच्या.

दिवाळीच्या सुट्टीत मी शिरूरला गेले. आबा खाटेवर, त्याच जागी. जवळ आत्याच्या हातचं धपाटं आणि समोर टीव्ही. मी सवयीनं विचारलं, आबा, घरी बघायला एखादा चांगला पिक्चर सांगा. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, कालचा सांगतो, दोन भावांचा आहे. मी हसून म्हटलं, म्हणजे शेवटी एक होतात.

"न्हाई," आबा म्हणाले. "येगळंच ऱ्हात्यात. पर बघ तू. बघण्याजोगा हाय. म्या पुरा बघितलाय."